डीजीटी ३०००: बुद्धिबळाचं हे डिजिटल घड्याळ ज्युनियर नॅशनलच्या पटावर कसं ठरतं?

प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद. या वेळेत ६० चालींचा डाव चार तासांपर्यंत चालतो, त्यामुळे घड्याळ निवडताना पहिला प्रश्न एकच: सेकंद कधी दिसतात? जुन्या डीजीटी २०१० वर शेवटची २० मिनिटं उरेपर्यंत तास-मिनिटंच दिसतात. इन्क्रिमेंट (दर चालीचे जादा सेकंद) लावायचं राहून गेलं तरी ते चटकन लक्षात येत नाही. ३००० वर तास, मिनिटं, सेकंद पहिल्यापासून समोर असतात. डाव सुरू व्हायच्या आधी, पहिल्या चालीचे ३० सेकंद धरून, दोन्हीकडे १:३०:३० दिसायला हवं; १:३०:०० दिसलं तर सेटिंग पुन्हा तपासा. पांढऱ्याच्या बाजूचा लिव्हर (चाल झाल्यावर दाबायची पट्टी) वर आहे ना, तेही बघा.

लिव्हर मऊ आहे, आवाज कमी. टाईम ट्रबलमध्ये, म्हणजे वेळ संपत आली असताना, धाडकन हात मारायची गरज नाही (मुलं मारतातच, ते वेगळं).

खरी कसोटी चुकीच्या चालीची. प्यादं आठव्या घरात ढकललं, वजीर ठेवलाच नाही आणि घड्याळ दाबलं, तर ती बेकायदा चाल. दोन्ही हातांनी कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करून घड्याळ दाबलं तरी तेच. पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं, दुसऱ्या चुकीला डाव गेला. दोन मिनिटं द्यायची तर मधलं प्ले-पॉज बटण दाबून घड्याळ थांबवायचं, मग तेच तीन सेकंद दाबून धरायचं आणि एकेक आकडा बदलत जायचं. प्रकार किचकट आहे. घाईत तासाचा आकडा बदलला जातो, म्हणून नव्या आर्बिटरनं (पंचानं) घरी सराव करावा. आणखी एक खोच: चाल परत घेताना कुणी लिव्हर उलट दाबला, तर ३० सेकंद जास्तीचे जमा होतात आणि चालींची मोजणीही पुढे जाते. तेही तिथंच दुरुस्त करायचं.

लाइव्ह प्रक्षेपणाच्या बोर्डाला हे घड्याळ जोडता येतं, हा वरच्या पटांसाठी फायदा. नुसत्या क्लबातल्या ब्लिट्झसाठी (काही मिनिटांच्या झटपट डावांसाठी) मात्र एवढा खर्च नको, तिथं २०१० पुरे.

दोन एए सेल लागतात. फेरीच्या आदल्या रात्री नवे घाला; डाव चालू असताना स्क्रीन गेली, तर उरलेली वेळ ठरवायला आर्बिटरकडे स्कोअरशीट (चालींची लेखी नोंद) आणि अंदाजच उरतो.