शिबिर की समाजमाध्यम? लहान रुग्णालयाने प्रसिद्धीचा पैसा कुठे घालावा

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात तीस-चाळीस खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांपुढे दरवर्षी एप्रिलच्या आसपास हा प्रश्न येतो, की प्रसिद्धीसाठी बाजूला काढलेली मर्यादित रक्कम गूगल, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर खर्च करावी, की तपासणी शिबिरे, फॅमिली डॉक्टरांशी संपर्क आणि स्थानिक वृत्तपत्र या जुन्या वाटेनेच जावे. अशा रुग्णालयांचे संपर्काचे काम मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. माध्यम आधी ठरवायचे आणि आजार नंतर पाहायचा, हा उलटा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. म्हणून येथे तुलना आजारापासून सुरू केली आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के आढळले, आणि मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात नोंदले गेले. या आकड्यांचा संपर्काच्या दृष्टीने अर्थ असा, की रुग्णालयाकडे यापुढे येणारा मोठा वर्ग एकदा येऊन बरा होऊन जाणारा नाही. साखर आणि बीपीच्या रुग्णाला वर्षानुवर्षे, ठरावीक अंतराने येत राहावे लागते. मूळव्याधीच्या किंवा अपेंडिक्सच्या रुग्णाला रुग्णालयाचे नाव एकदा कळले तरी पुरते. मधुमेहाच्या रुग्णाला ते दर तीन महिन्यांनी आठवावे लागते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारी साधनेही वेगळी आहेत.

डिजिटल माध्यमाचा खरा उपयोग ठरवून केलेल्या उपचारांत होतो. गुडघ्याचे प्रत्यारोपण, मोतीबिंदू, प्रसूती, मूतखडा अशा गोष्टींसाठी शोध घेणारी व्यक्ती बहुधा रुग्ण स्वतः नसते. पुण्या-मुंबईत नोकरी करणारा मुलगा किंवा सासरी असलेली मुलगी रात्री मोबाइलवर शोधते आणि सकाळी गावी फोन करून सांगते. त्या व्यक्तीला गूगलच्या नकाशावर रुग्णालयाचा चालू फोन क्रमांक, ओपीडीच्या वेळा, कोणता डॉक्टर कोणत्या वारी असतो आणि कॅशलेसची सोय कोणत्या विमा कंपन्यांची आहे, एवढे अचूक मिळाले पाहिजे. ही माहिती ठेवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, तरीही हजारो रुपयांच्या रील काढणाऱ्या रुग्णालयाचा नकाशावरचा क्रमांक बंद असल्याचे मी वारंवार पाहिले आहे. रीलचे प्रेक्षक भरपूर दिसतात. मात्र त्यांतले किती जण एसटीने दीड तासात ओपीडीत पोहोचू शकतात, हा आकडा कोणी मागत नाही.

शिबिराची बलस्थाने याच्या नेमकी उलट आहेत. ज्याला आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नाही, तो गूगलवर काय शोधणार? मधुमेह आणि रक्तदाब यांच्या बाबतीत असे लोक फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गावात जाऊन बोटाला सुई टोचण्याला आजही पर्याय नाही. परंतु शिबिर जिथे फसते, ती जागा मी जवळून पाहिली आहे. एका रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिबिर भरले होते. बाके भिंतीला सरकवलेली, फळ्यावर आदल्या दिवशीचे गुणाकार तसेच होते. साठीच्या एका बाईंची साखर २८६ निघाली. आकडा लिहिलेली चिठ्ठी त्यांनी घडी करून पदराच्या गाठीत बांधली आणि शांतपणे विचारले, “आता काय करू?” चिठ्ठीवर रुग्णालयाचे नाव ठळक छापलेले होते, कधी यायचे, येताना काय आणायचे, कोणाला भेटायचे, यांतले एक अक्षरही नव्हते. नोंदवहीत मोबाइल क्रमांकाचा रकाना अर्धा कोरा होता. त्या दिवसाचे फोटो वर्तमानपत्रात आले, आणि त्या बाई पुढे कुठे गेल्या, हे त्या रुग्णालयात कोणालाही सांगता आले नाही. याची खंत मला आजही आहे.

म्हणून मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी माझे मत स्पष्ट आहे. शिबिरांची संख्या निम्मी करावी आणि वाचलेल्या पैशातून पाठपुराव्यासाठी एका परिचारिकेचे दिवसातले दोन तास राखून ठेवावेत. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दुरून वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार, प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाचा त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर घेतलेला आढावा हा पाठपुरावा ठरतो. त्यामुळे पेरणीच्या किंवा ऊसतोडीच्या दिवसांत येऊ न शकणारा रुग्णही तुटत नाही. व्हॉट्सॲप येथे उपयोगी पडते, पण आठवण करून देण्यापुरते, आणि तेही रुग्णाची संमती केस पेपरवर घेऊनच, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे.

दोन्ही वाटांवर कायद्याच्या मर्यादा आहेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करून रुग्ण ओढता येत नाहीत. रुग्णालयाच्या जाहिरातीत संस्थेचे नाव, कोणते रुग्ण घेतले जातात, सोयी आणि शुल्क एवढेच यावे, आणि ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय छापू नये. औषधाने मधुमेह बरा होतो असा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने निषिद्ध आहे. फॅमिली डॉक्टरांना कट, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, देणेही याच २००२ च्या नियमांनी निषिद्ध ठरवले आहे. त्याऐवजी रुग्णाला घरी सोडल्या दिवशीच डिस्चार्ज कार्डाची प्रत त्याच्या फॅमिली डॉक्टरांकडे पोहोचवा. या एका सवयीने जो विश्वास बसतो, तो कोणत्याही स्नेहभोजनाने बसत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे आणि त्यापुढील वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. राज्यातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही लाभार्थ्यांची व्याप्ती वाढली आहे. आपले रुग्णालय या योजनांच्या यादीत असेल, तर गावांत सांगण्यासारखी सर्वांत मोठी बातमी हीच आहे, आणि ती फ्लेक्सपेक्षा आरोग्यमित्राच्या (योजनेची माहिती देणाऱ्या रुग्णालयातील मदतनीसाच्या) टेबलावर, आशाताईंच्या बैठकीत आणि ज्येष्ठ नागरिक संघात नीट पोहोचते. यादीत नसेल, तर तेही दारावरच लिहावे. भरती झाल्यावर कळले, तर ते कुटुंब पुन्हा येत नाही आणि गावालाही सांगते.

तेव्हा हाडांचे, डोळ्यांचे किंवा प्रसूतीचे रुग्णालय असेल, तर गूगलवरची माहिती आणि तिथल्या तक्रारींना सभ्य उत्तरे यांवर अधिक भर द्यावा. मधुमेह-रक्तदाबासारखे आजार पाहणाऱ्या फिजिशियनचे रुग्णालय असेल, तर मोजकी शिबिरे आणि फोन यांवर. वर्षअखेरीस दोघांनीही एकच आकडा पाहावा: सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा आलेले रुग्ण किती. आणि पुढच्या शिबिराची चिठ्ठी छापायला देण्यापूर्वी तिच्यावर वार, वेळ आणि परिचारिकेचे नाव मोठ्या अक्षरांत घालावे.