शेनाँसो की व्हिलांद्री?

फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यात एकच महाल पाहणं जमणार असेल, तर आधी ठरवा: वास्तू हवी की बाग?

शेनाँसो शेर नदीवर पुलासारखा उभा आहे. पाण्यावरचं त्याचं ६० मीटरचं दालन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धात नदी ही सीमारेषा झाली आणि याच दालनाच्या पलीकडच्या दारातून माणसं जर्मनव्याप्त भागातून निसटली. महालाच्या एकेकाळच्या मालकिणी दिआन आणि कॅथरीन यांच्या नावाच्या बागा देखण्या आहेत, पण मन दालनातच रेंगाळतं.

व्हिलांद्रीत महाल भरभर पाहिला तरी चालेल. १९०६मध्ये तो विकत घेतलेल्या होआकिम कार्वालोंनी आखीव बागा पुन्हा उभ्या केल्या. नऊ चौकोनांत रंगसंगतीने लावलेली भाजीबाग बुरुजावरूनच बघा. माझी पसंती शेनाँसोला. झाडांची खरी ओढ असेल तर मात्र व्हिलांद्री.