गिटलॅब: आधी स्वतःच्या सर्व्हरवर, मग त्यांच्या सर्व्हरवर, काही महिन्यांच्या वापरानंतर

आमची टीम लहान आहे. सर्व्हर सांभाळता येतो असे दोघं-तिघं आहेत, पण ते कोणाचंच मुख्य काम नाही. बरेच महिने गिटलॅब (प्रोग्रामचा कोड साठवायचा, तपासायचा आणि त्यावर एकत्र काम करायचा प्लॅटफॉर्म) आमच्याच सर्व्हरवर चालवलं, नंतर गिटलॅब डॉट कॉमवर, म्हणजे ती कंपनी स्वतः चालवते त्या सर्व्हरवर गेलो, आणि आता तिथलंही बरंवाईट पाहून झालंय. या निवडीची चर्चा सहसा खर्चापासून सुरू होते आणि ‘कोड आपल्या ताब्यात हवा’ इथे येऊन थांबते. मला विचाराल तर प्रश्न एकच: अपग्रेड कोण करणार?

बसवणं अवघड नाही. ऑम्निबस हे एकत्रित पॅकेज पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस, गिटली, साइडकिक, प्यूमा असे आत लागणारे सगळे भाग एकदम बसवून देतं आणि त्याच दिवशी टीम कोड पुश करायला (सर्व्हरवर पाठवायला) लागते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. दर महिन्याला नवी आवृत्ती येते, मध्ये सुरक्षेचे पॅच येतात. मागे राहिलात तर एकदम पुढे उडी मारता येत नाही: १५.११ वरून १७ वर जायचं तर १६.३, १६.७ आणि १६.११ वर थांबत जावं लागतं, आणि प्रत्येक थांब्यावर पार्श्वभूमीतली मायग्रेशन्स (डेटा नव्या रचनेत हलवण्याची कामं) पूर्ण होईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यात १७ ला पोस्टग्रेस किमान १४ हवं, म्हणजे डेटाबेसचं अपग्रेड आलंच. ही कामं रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीच होतात, आणि ज्याच्या गळ्यात पडतात त्याची सुट्टी जाते.

पुढे ढकलायची सोयही नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या एका त्रुटीत पासवर्ड रीसेटचा ईमेल पडताळणी न झालेल्या पत्त्यावर मागवता येत होता. म्हणजे टू-फॅक्टर (लॉगिनची दुसरी पायरी) नसलेलं कोणाचंही खातं हातात. तीव्रता १० पैकी १०. गिटलॅब डॉट कॉमवर तोवर दुरुस्ती झालेली होती, स्वतःचा सर्व्हर असणाऱ्यांना मात्र धावपळ करावी लागली. २०२१ ची चित्र-अपलोडमधली त्रुटी तर आणखी बोलकी आहे. पॅच एप्रिलमध्ये आला, तरी त्या वाटेने हल्ले नोव्हेंबरमध्येही चालू होते, कारण तितके सर्व्हर तसेच पडून होते. सर्व्हर आपला असला म्हणून तो सुरक्षित असतो, हे मला मान्य नाही. रोज लक्ष देणारा माणूस असेल तरच तो सुरक्षित.

बॅकअपबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगतो. गिटलॅबच्या बॅकअप कमांडमध्ये कॉन्फिगरेशन आणि ‘गिटलॅब-सीक्रेट्स’ ही एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची फाइल येत नाही, ती वेगळी जपावी लागते. ती गेली तर डेटाबेस परत येईल, पण सीआय व्हेरिएबल्स (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टसाठी जपून ठेवलेली मूल्यं) आणि टू-फॅक्टरची माहिती उलगडणार नाही. सर्व्हर स्वतः चालवणार असाल तर दुसऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करून पाहा, तोही अधूनमधून.

आता होस्टेडची, म्हणजे गिटलॅब डॉट कॉमची बाजू. अपग्रेडची चिंता संपली, हा फायदा रोज जाणवतो. गेलं ते म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, सर्व्हरचे लॉग आणि सर्व्हर हुक्स (पुश येताना सर्व्हरवर चालणाऱ्या आपल्या स्क्रिप्ट). पुश आत येण्याआधी आमची स्वतःची स्क्रिप्ट कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) तपासायची. ती तपासणी आता पाइपलाइनमध्ये (कोड आल्यावर आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळीत), म्हणजे पुश झाल्यानंतर होते. हा बदल मला अजून खटकतो. मोफत योजनेत खासगी ग्रुपला ५ सदस्यांची मर्यादा आहे आणि पाइपलाइनसाठी महिन्याला ४०० मिनिटं मिळतात. टेस्ट जड असतील तर ती फार लवकर संपतात.

पण इथेच सर्वांत कामाची सोय आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. प्लॅटफॉर्म त्यांच्याकडे ठेवून रनर (पाइपलाइनची कामं प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) आपल्याकडे ठेवता येतो. रनर स्वतःच बाहेर जाऊन काम विचारतो, त्यामुळे आपल्या नेटवर्कमध्ये बाहेरून येण्यासाठी पोर्ट उघडावा लागत नाही. त्यावर चाललेल्या कामांची मिनिटं मोजली जात नाहीत, कॅशे आपल्याच डिस्कवर राहतो, आतल्या टेस्ट डेटाबेसपर्यंत थेट पोहोचता येतं. रनर बिघडला तर पुसून नवा उभा करायचा, त्यात जपण्यासारखं काही नसतंच. सांभाळायला सोपा भाग आपल्याकडे आणि अवघड भाग त्यांच्याकडे, ही वाटणी आमच्यासारख्या टीमला चपखल बसते.

नेटवर्क इंटरनेटपासून पूर्ण तोडलेलं असेल, डेटा कुठे राहावा याचे कडक नियम असतील किंवा सर्व्हर हुक्सशिवाय चालतच नसेल, तर स्वतःचाच सर्व्हर घ्या, मात्र कोणाच्या तरी कामाच्या वेळेत त्याच्यासाठी तास राखून. फक्त रिपॉझिटरी (कोडचा साठा), इश्यू (कामांच्या आणि अडचणींच्या नोंदी) आणि साधं रिव्ह्यू एवढंच हवं असेल तर गिटिया किंवा फोर्जेयो ही अशीच पण हलकी साधनं बघा, गिटलॅबपेक्षा फारच कमी मेमरीत चालतात.

होस्टेडवर गेलात तरी बॅकअपचा विषय संपत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब डॉट कॉमच्याच मुख्य डेटाबेसमधला डेटा चुकून पुसला गेला होता. रिपॉझिटरी शाबूत राहिल्या, पण सुमारे ६ तासांतले इश्यू, कॉमेंट आणि मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या) गेल्या. म्हणून आम्ही पुश मिररिंगने कोडची प्रत दुसरीकडे ठेवतो. ते मोफत योजनेतही चालतं. इश्यूंसाठी प्रोजेक्ट एक्स्पोर्ट काढून ठेवतो. त्या एक्स्पोर्टमध्ये सीआय व्हेरिएबल्स, वेबहुक्स (इतर सेवांना आपोआप कळवणाऱ्या जोडण्या) आणि कंटेनर इमेज (प्रोग्रामची चालवायला तयार पॅकेजं) येत नाहीत, त्यांची नोंद वेगळी करावी लागते.