इटलीत चाखायचे की शिकायचे: एमिलियाची खाद्यसहल आणि दक्षिणेतला स्वयंपाकवर्ग

इटलीच्या सुट्टीतले दोन-तीन दिवस खाण्यापिण्यासाठी राखून ठेवायचे ठरले, की बहुतेकांची निवड छायाचित्रे आणि दर पाहून होते. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: ज्या पदार्थाच्या ओढीने आपण तिथे निघालो आहोत, तो परत आल्यावर आपल्या स्वयंपाकघरात करता येण्यासारखा आहे का? येत असेल तर प्रत्यक्ष हाताने करायला लावणारा वर्ग घ्यावा, आणि येत नसेल तर तो जिथे तयार होतो तिथे घेऊन जाणारी सहल घ्यावी. ही कसोटी लावली की उत्तरेतला एमिलिया-रोमान्या एका बाजूला आणि दक्षिणेतले पुलिया व सिसिली दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी आपोआप होते.

एमिलियाचे वैभव घरी करता येत नाही. पार्मिजानो रेज्जानो चीज तयार करणाऱ्या डेअऱ्यांमध्ये आदल्या संध्याकाळचे दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात, त्यात सकाळचे ताजे दूध मिसळतात आणि तांब्याच्या खोल कढयांमध्ये ते घट्ट करतात. चाकाच्या आकाराचे, सुमारे 40 किलोचे एक चीज तयार व्हायला साधारण 550 लिटर दूध लागते, आणि ते किमान 12 महिने मुरल्याखेरीज त्या नावाने विकता येत नाही. हे काम सकाळीच आटोपते, म्हणून दुपारी डेअरी दाखवणाऱ्या सहलीत नुसती कोठारातली चाके पाहायला मिळतात. याच प्रदेशातल्या मोदेना शहराचे पारंपरिक बाल्सामिको व्हिनेगर तर त्याहून संथ चालीचे आहे. द्राक्षांचा आटवलेला रस घरांच्या माळ्यांवर, एकापेक्षा एक लहान पिंपांमधून, किमान 12 वर्षे पुढे सरकत राहतो, आणि 'एक्स्ट्राव्हेक्यो' (म्हणजे अति जुने) म्हणवून घ्यायला 25 वर्षे लागतात. दुकानांत सर्रास मिळणारे मोदेनाचे स्वस्त बाल्सामिक वेगळे असते. त्यात वाइनचे व्हिनेगर मिसळलेले असते आणि मुरण्याचा किमान काळ अवघा 60 दिवसांचा असतो. त्यामुळे सहल नक्की कोणत्या प्रकारच्या उत्पादकाकडे नेणार आहे, हे आधी विचारून घेणे महत्त्वाचे ठरते.

शाकाहारी वाचकांसाठी मात्र इथे एक मोठी अडचण आहे. पार्मिजानोमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले विरजण, म्हणजे रेनेटच वापरतात. तोर्तेलिनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्याच्या सारणात डुकराचे मांस असते आणि ते मांसाच्या रश्श्यात वाढले जाते, तर तिजेल्लेसारख्या साध्या दिसणाऱ्या भाकऱ्यांमध्येही अनेकदा डुकराची चरबी घातलेली असते. सहलीचा तिसरा मुक्काम बहुधा पार्माजवळच्या लांगिरानो इथल्या हॅमच्या, म्हणजे खारवून मुरवलेल्या डुकराच्या मांसाच्या कोठारांत असतो. कडक शाकाहारी कुटुंबाने या सहलीचे पैसे भरू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगेन.

याच प्रदेशात बोलोन्या मात्र अपवाद आहे, कारण तिथे शिकण्यासारखे कसब आहे. 100 ग्रॅम मैद्याला एक अंडे या प्रमाणात पीठ मळून ते मुठी नसलेल्या लांब लाटण्याने भल्या मोठ्या, पातळ पोळीसारखे लाटतात. त्या पोळीला 'स्फोल्या' म्हणतात. रोज पोळ्या लाटणाऱ्या हातालाही ही कला नव्याने शिकावी लागते, कारण इथे पीठ लाटण्याभोवती गुंडाळून तळव्यांनी बाहेरच्या बाजूला ताणायचे असते. 2004 साली बोलोन्यातच सुरू झालेल्या 'चेझारिने' या घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांच्या जाळ्यातील यजमान आपल्या घरी असे वर्ग घेतात.

अंडे न खाणाऱ्यांनी थेट पुलिया गाठावे. तिथला ओरेक्येत्ते हा पास्ता फक्त ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी यांचा होतो. पिठाची दोरीसारखी वळी करून तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा सुरीने पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करून त्याला कानाच्या पाळीचा आकार द्यायचा. पुलियातल्या बारी शहराच्या जुन्या भागातील एका गल्लीत बायका दारात बसून हे काम करताना दिसतात. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू, त्यामुळे हे कसब घरी सहज टिकते. सिसिलीतही हाच अनुभव येतो. पालेर्मोच्या बाल्लारो किंवा कापो बाजारात भाजी घ्यायची आणि मग स्वयंपाकघरात जायचे, असा तिथल्या अनेक वर्गांचा क्रम असतो. तळलेली वांगी, सेलरी, ऑलिव्ह, केपर (मुरवलेल्या कळ्या), व्हिनेगर आणि साखर घालून केलेली कापोनाता चिंचगुळाच्या जिभेला परकी वाटत नाही. पानेल्ले तर हरभऱ्याचे पीठ शिजवून, थापून, कापून तळतात. पाटवडी करणाऱ्याला त्यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल.

मध्य इटलीतल्या तोस्काना (टस्कनी) प्रदेशातल्या शेतघरातला आठवडाभराचा मुक्काम हा तिसरा पर्याय सर्वाधिक जाहिरातीचा आहे. निवांतपणा हवा असेल, सोबत वडीलधारी माणसे आणि मुले असतील, तर तो चांगलाच आहे. पण त्यात स्वयंपाक बहुधा एक-दोन दुपारींपुरताच असतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर ऑलिव्हची तोडणी आणि घाणा चालू असतो, आणि तेवढ्यासाठी मी हा मुक्काम निवडेन.

कुठलाही वर्ग ठरवताना एका ओट्याभोवती किती जण असतील आणि प्रत्येकाला स्वतःचे पीठ मळायला मिळेल का, हे लेखी विचारावे. 'शाकाहारी' एवढेच सांगून भागत नाही. मांसाचा रस्सा, चरबी, अँकोव्ही मासा आणि रेनेट यांची नावे घेऊन विचारावे. 15 ऑगस्टच्या आसपास अनेक छोटे उत्पादक आणि यजमान सुट्टीवर असतात, तेव्हा तो आठवडा टाळावा. दोन्ही हवे असेल आणि घरात मांसाहार चालत असेल, तर मोदेना-पार्माला दोन दिवस देऊन बोलोन्याहून एड्रियाटिकच्या किनाऱ्याने थेट बारीला जाणारी रेल्वे पकडावी आणि वर्गासाठी दक्षिणेत किमान तीन दिवस ठेवावेत.