मायएसक्यूएल ८ आणि चिनी डेटा: नवीन झकास, जुनं मात्र आपलं आपण निस्तरायचं

चिनी सप्लायरची नावं, पत्ते, पार्टची वर्णनं असला डेटा ज्यांच्या गळ्यात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ व्हर्जनवरून ८ वर जायचं का? जा बिनधास्त, फक्त अपग्रेड केल्यावर चिनी अक्षरांच्या जागी दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांची आपोआप अक्षरं होतील या भ्रमात राहू नका.

८.० पासून डीफॉल्टच यूटीएफ८एमबी४ (अक्षराला ४ बाइटपर्यंत जागा देणारा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत; पुढे नुसतं एमबी४) आहे हे बेस्ट केलंय. आधी नुसतं 'यूटीएफ८' म्हणून जे मिळायचं ते ३ बाइटपर्यंतच, आणि रोजची चिनी अक्षरं तेवढ्यात बसतात त्यामुळे वर्षानुवर्षं कोणाला पत्ताच लागायचा नाही, मग एखाद्या माणसाच्या नावात ४ बाइटचं दुर्मिळ अक्षर आलं की एकतर एरर नाहीतर अर्धवट नाव. एमबी४ तसं २०१० मध्येच ५.५.३ ला आलेलं, पण मुद्दाम लावायला लागायचं, कोण लावतंय! शिवाय जुन्या जनरल सीआय कोलेशनला (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि सॉर्ट करायचे नियम) ४ बाइटची सगळी अक्षरं सारखीच वाटायची, म्हणजे दोन वेगळी नावं युनिक कीमध्ये (जिथे एक मूल्य दोनदा चालत नाही) डुप्लिकेट. नवीन, नावात ०९०० असलेल्या कोलेशनमध्ये ती भानगड नाही, आणि पिनयिनप्रमाणे (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत) सॉर्ट हवं असेल तर झेडएच ०९०० कोलेशनपण आहे.

आता जुना कचरा. काहीही चालवायच्या आधी सिलेक्टमध्ये हेक्स फंक्शन लावून साठवलेले खरे बाइट बघा. 'चोंगक्वो' (चीन) मधलं पहिलं अक्षर ई४ बी८ एडी असं दिसलं तर डेटा ठीक आहे, कनेक्शनचा कॅरेक्टर सेट किंवा फॉन्ट गंडलाय (नुसते चौकोन दिसतात ना, ते बहुतेक फॉन्टचंच). सी३ ए४ सी२ बी८ सी२ एडी दिसलं तर दोनदा एन्कोड झालंय, हा डेटा वाचवता येतो: कॉलम लॅटिन१ (जुना, युरोपीय अक्षरांचा कॅरेक्टर सेट) मध्ये कन्व्हर्ट, मग बायनरी, मग एमबी४, आणि हे टेबलच्या कॉपीवर करा बाबांनो. नुसतं अल्टर टेबल कन्व्हर्ट मारलंत तर कचराच इमानदारीत नवीन सेटमध्ये जातो. आणि ३एफ ३एफ दिसलं तर खरीखुरी प्रश्नचिन्हंच सेव्ह झालीयत, बॅकअप शोधा, दुसरा इलाज नाही.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो इंडेक्ससाठी, कारण जुनी कॉम्पॅक्ट रो फॉरमॅटची (रो साठवायची जुनी पद्धत) टेबलं अपग्रेडनंतरपण तशीच राहतात आणि तिथे इंडेक्समधल्या कॉलमला लिमिट ७६७ बाइट, २५५ अक्षरांचा कॉलम आधी अक्षराला ३ बाइट धरून ७६५ मध्ये बसायचा तो आता ४ बाइटने १०२० मागतो आणि अल्टर अडतं. रो फॉरमॅट आधी डायनॅमिक करून घ्या, मग बाकीचं.