कथा टाकलीत, पण वाचली कोणी? फीडबॅक मिळायच्या जागांचा रिव्ह्यू

लोकहो, सारखं कोणीतरी मेसेज करतं की कथा लिहिलीये, कुठे टाकू म्हणजे नीट फीडबॅक मिळेल, आणि तेच तेच टाइप करायचा आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. आधीच सांगते, वाचक कुठे मिळतात, पैसे कुठे मिळतात, पुस्तक कसं निघतं यातलं काहीही इथे नाहीये. मी एकच गोष्ट बघितलीये, तिथे कथा ठेवली तर कथेचं काही भलं होतं का. त्यामुळे तुमच्या आवडत्या साइटला मी कमी मार्क दिले तर लगेच हमरीतुमरीवर येऊ नका, ह घ्या (हलकेच घ्या).

सुरुवात आपल्या घरच्यांपासून, म्हणजे मराठी साइट्सपासून. मायबोली १९९६ पासून आहे, म्हणजे आत्ता तिथे लिहिणारी काही पोरंपोरी साइटपेक्षा लहान आहेत. मग २००४ ला मनोगत, २००७ ला मिसळपाव, २०११ ला ऐसी अक्षरे. मराठीत नेटवर लिहायची सवय आपल्याला यांनीच लावली आणि प्रतिसाद द्यायचीसुद्धा. कथा टाकायची तर मायबोलीवर (माबो) गुलमोहर हा विभाग, मिसळपाववर (मिपा) जनातलं मनातलं, कविता असेल तर जे न देखे रवी. टाकल्यावर पहिल्या तासाभरात काय येतं ते सगळ्यांना पाठ आहे. "छान लिहिलंय", "आवडली", "+१", "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा), आणि खाली क्रमशः असेल तर "पुभाप्र" (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) ची रांग. छान वाटतं हो, खोटं कशाला बोलू, पण त्या पुभाप्रवरून तुमचा पहिला भाग जमलाय की नाही हे काहीही कळत नाही, कारण मराठी माणूस क्रमशः दिसलं की सवयीने पुभाप्र लिहितो आणि भाग आला नाही की सवयीनेच शिव्या घालतो.

पण या साइट्सचं खरं बलस्थान वेगळं आहे. तिथे कोण कुठला जाणकार बसलेला असेल सांगता येत नाही. एका धाग्यावर एसटी कंडक्टरची कथा होती, पहाटे पाचची गाडी, थंडी, स्टँडवरचा चहा, सगळं एकदम साग्रसंगीत. पन्नासेक लोकांनी वा वा केलं. मग एका आयडीने (म्हणजे सदस्याने) लिहिलं की तुमचा नायक घरून निघतो आणि थेट गाडीत चढतो, पण कंडक्टर आधी डेपोत जातो, तिकिटाचं मशीन घेतो, वेबिल घेतो, आणि ड्युटी संपल्यावर हिशोब जुळवून पैसे भरेपर्यंत त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, तर तुमच्या कथेत पैसे कमी पडल्याचं टेन्शन त्याला रात्री घरी जेवताना कसं काय आठवतं, ते डेपोतच कळायला पाहिजे ना. अख्खा क्लायमॅक्स त्या एका प्रश्नात निकालात निघाला! असा फीडबॅक कुठल्या कोर्समध्ये पैसे टाकून मिळत नाही. पण तो मिळेल याची गॅरंटीही नाही, कारण त्याच्या खालचा प्रतिसाद होता की कंडक्टर नाही वाहक म्हणा, आणि तिथून पुढे धागा भाषाशुद्धीवर जो घसरला तो शतक गाठूनच थांबला. कथेकडे परत कोणी फिरकलं नाही.

अजून एक म्हणजे इथे प्रतिसाद माणसाला मिळतो, कथेला कमी. जुना आयडी असेल, कट्ट्याला (म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष भेटीला) भेटलेला असेल तर त्याच्या जिलबीलाही (म्हणजे सुमार लेखनालाही) तूप लावलं जातं आणि नव्या आयडीला पहिल्याच कथेवर "हा कोणाचा डुआयडी (डुप्लिकेट आयडी)?" असं विचारतात. कंपू म्हणा हवं तर. मला यात फार काही वाईट वाटत नाही, चार माणसं जमली की हे होणारच, पण फीडबॅक म्हणून वाचताना हे वजा करून वाचावं लागतं.

ऐसी अक्षरेवर एक भारी सोय आहे जी मला बाकी कुठे हवी होती. तिथे प्रतिसादालाच श्रेणी देतात, मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, निरर्थक वगैरे. म्हणजे नुसतं लिहिणाऱ्याचं मूल्यमापन नाही, प्रतिसाद देणाऱ्याचंही. याने काय होतं की नुसतं "मस्त" लिहून भाव मिळत नाही, काहीतरी मुद्दा आणावा लागतो. अडचण एवढीच की तिथल्या मंडळींचा मूळ पिंड वाद घालायचा, कथेपेक्षा कथेतल्या राजकारणावर जास्त प्रेम. तरी या बाबतीत घरच्यांमध्ये माझं पहिलं मत ऐसीला.

प्रतिलिपिबद्दल सगळ्यात जास्त विचारतात म्हणून थोडक्यात. कथा लिहायचं-वाचायचं हे ॲप २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेलं, अनेक भारतीय भाषांत चालतं, वाचकसंख्या प्रचंड, वाचक स्टार देतात पाचपैकी आणि खाली लिहितातही. ज्यांना रोज भाग टाकून वाचक धरून ठेवायचाय त्यांच्यासाठी उत्तम. पण स्टार हा फीडबॅक नाही हो. चार स्टार आले तर एक कुठे गेला हे कोण सांगणार? वाचकाला ते सांगायचं बंधनही नाही, तो बिचारा बसमध्ये लटकत वाचतोय, त्याने पाच दाबले हेच पुष्कळ. त्यामुळे तिथून सुधारणेची अपेक्षा ठेवू नका, ती जागा त्यासाठी नाहीच.

आणि व्हॉट्सॲपवरचे साहित्य ग्रुप तर विषयच सोडा. नाव घेत नाही पण मी होते अशा एका ग्रुपात एका ताईंच्या कथेवर मी एवढंच लिहिलं की दुसऱ्या पानावर सुलभा रडते, तिसऱ्यावर परत रडते, चौथ्यावर डोळे पाणावतात, यातलं एक ठेवलं तर वाचणाऱ्याला रडायला जागा मिळेल. रात्री ॲडमिनचा पर्सनलवर मेसेज, "ताई, आपल्या ग्रुपात सकारात्मक वातावरण ठेवूया 🙏". सकाळी फुलांचा फोटो आणि सुप्रभात. निघाले मी.

आता बाहेरच्या जागा. इथे जरा थांबते कारण मुद्दा इथेच आहे. इंग्रजीत लिहीत असाल (किंवा आपल्या कथेचं इंग्रजी करून बघायची तयारी असेल) तर स्क्रिबोफाइल, क्रिटिक सर्कल आणि विज्ञानकथा-भयकथावाल्यांसाठी क्रिटर्स ही तीन नावं लिहून घ्या, या साइट्सवर लेखकच एकमेकांच्या कथा तपासतात. क्रिटर्स १९९५ पासून आहे, क्रिटिक सर्कल २००३ पासून. तिन्हीकडे तत्त्व एकच, आधी द्या मग घ्या. स्क्रिबोफाइलवर दुसऱ्यांच्या कथांवर सविस्तर लिहिलंत की कर्मा पॉइंट मिळतात आणि ते खर्च केल्याशिवाय स्वतःची कथा टाकताच येत नाही. सव्वाशे शब्दांच्या आत आटपलंत तर कर्मा शून्य. क्रिटिक सर्कलवर तेच क्रेडिटचं. क्रिटर्सवर तर हजेरी लागते, चारातल्या तीन आठवड्यांत तुम्ही कोणाची तरी कथा तपासलेली असली पाहिजे, नाहीतर तुमचा नंबर मागे.

ऐकायला हे शाळेसारखं वाटतं आणि पहिल्यांदा मलाही वाटलं की कशाला ही हमाली. पण दुसऱ्याच्या कच्च्या कथेवर सव्वाशे शब्द लिहायचे म्हणजे "छान" लिहून पाच-सहा शब्दांत मोकळं होता येत नाही, उरलेल्या जागेत काय लिहू म्हणून परत कथेकडे जावंच लागतं, आणि मग दिसायला लागतं की पहिली दोन पानं नायक नुसता खिडकीतून बघतोय, नावं सगळी स ने सुरू होतात म्हणून कोण कोण ते कळत नाही, संवादात दोघंही एकाच माणसासारखे बोलतात. आणि हे दुसऱ्याच्या कथेत एकदा दिसलं की स्वतःच्या कथेत न दिसणं अशक्य. मला विचाराल तर या साइट्सवर मिळालेल्या फीडबॅकपेक्षा दिलेल्या फीडबॅकचा फायदा जास्त. कर्माचे पैसे वसूल तिथेच होतात.

तोटेही आहेत. लोक शब्द भरायला पाणी घालतात, "मला तुमच्या कथेतलं पावसाचं वर्णन आवडलं कारण मला पाऊस आवडतो" छाप. आणि परदेशी वाचकाचं काय करायचं हा आपला खास प्रश्न. पुरणपोळी म्हणजे काय, चाळ म्हणजे काय असे प्रश्न येतात, ते सरळ सोडून द्यायचे, कथा म्हणजे पर्यटनाचं माहितीपत्रक नव्हे. पण माझ्या कथेत एक सून नोकरी सोडते आणि पुढच्या परिच्छेदात पोळ्या लाटते आहे, तिथे एका बाईंनी विचारलं की घरातलं कोणीच यावर एक शब्द बोलत नाही, हे मुद्दाम आहे का लिहायचं राहिलंय? हीच कथा मराठी वाचकांनी वाचली होती आणि कोणालाही तिथे काही खटकलं नव्हतं, सगळ्यांनी ती गॅप आपापल्या घरातून भरून घेतली होती. तर सगळेच परके प्रश्न कचऱ्यात टाकू नका, जिथे ते वस्तूबद्दल विचारतात ते सोडा, जिथे माणसाबद्दल विचारतात तिथे थांबा.

कोणी म्हणेल मराठीत पूर्वी हे काम संपादक करायचे. करायचे की. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्या कारकिर्दीत सत्यकथा मासिकाकडून कथा परत यायची ती काय करायला पाहिजे याच्या पत्रासकट, आणि लोक ती पत्रं जपून ठेवायचे. पण त्याच सत्यकथेची १९६९ मध्ये नव्या लेखकांनी जाहीर होळीही केली, कारण सुधारायचं म्हणजे कोणाच्या चवीप्रमाणे हा प्रश्न होताच. सत्यकथा १९८२ ला बंद पडली. आता बहुतेक ठिकाणी कथा पाठवा आणि दिवाळीत अंक बाजारात आला की अनुक्रमणिका बघा, हाच फीडबॅक.

म्हणून सध्या मी वापरतेय ते सगळ्यात साधं, पाच जणांचा ग्रुप आणि गुगल डॉक्स. माझ्याकडून याला सगळ्यात जास्त मार्क, पण काही गोष्टी आधी ठरवल्या तरच. एक म्हणजे लेखकाने गप्प बसायचं. ही काही आमची आयडिया नाही, अमेरिकेत १९५६ पासून मिलफर्ड गावी विज्ञानकथा लेखक जमायचे तिथली ही पद्धत आणि पुढे क्लॅरियन या लेखकांच्या वर्कशॉपने तीच उचलली, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखक बोलत नाही. मराठी माणसाला हे फार जड जातं. "अहो पण पुढच्या भागात ते येणारे" हे तोंडावर आलेलं वाक्य गिळायचं. पण वाचक काय सगळ्यांच्या घरी जाऊन खुलासा ऐकणारे का!

दुसरं, डॉक्समधल्या सजेशनपासून सांभाळा. लोकांना कमेंट करण्यापेक्षा तुमचं वाक्य खोडून स्वतःचं लिहायला जास्त आवडतं आणि बघता बघता तुमची कथा हिरव्या-जांभळ्या रेघांनी भरते आणि आवाज भलत्याचाच होऊन बसतो. फक्त कमेंटरचा ॲक्सेस दिला तरी सजेशन करता येतंच, त्यामुळे हे सेटिंगने सुटत नाही, तोंडी ठरवावं लागतं. आमच्याकडे नियम असा की शुद्धलेखन सोडून काहीही बदलायचं नाही, फक्त आपल्याला काय झालं ते लिहायचं. "इथे मी मोबाईल बघितला", "इथे परत मागे जाऊन वाचलं", "हा माणूस खोटं बोलतोय असं वाटलं, बरोबर का?". उपाय सांगायचे नाहीत. उपाय नव्वद टक्के वेळा सांगणाऱ्याच्या कथेचे असतात.

तिसरं, प्रत्येकाला वेगळी कॉपी द्या. एकाच फाइलवर सगळे बसले की पहिल्याने "शेवट नाही जमला" लिहिलं की खालचे तिघं अनुमोदन देऊन मोकळे, मग तो शेवट खरंच फसलाय का पहिल्या माणसाचा दरारा आहे कळत नाही. वेगवेगळ्या कॉप्यांत तिघांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं तर मात्र निमूट ती ओळ बघायची, मग कारणं तिघांची तीन का असेनात. आणि हे लॅपटॉपवरच करा, फोनवर जोडाक्षरावर बोट ठेवून नेमका शब्द सिलेक्ट करायचा म्हणजे वैताग आहे.

एक व्यवहाराचं राहिलं. दिवाळी अंकाला कथा पाठवायची असेल तर ती आधी उघड्यावर टाकू नका, बहुतेक अंकांना अप्रकाशित साहित्य लागतं आणि मायबोली-मिपावर टाकलेलं गुगलला दिसतं म्हणजे प्रकाशितच झालं की. स्क्रिबोफाइलसारख्या ठिकाणी कथा लॉगिनच्या आत राहते, डॉक्सचं तर काही विचारूच नका, फक्त लिंक "एनीवन" ला ठेवू नका. कच्चा खर्डा ग्रुपात, नाकारून परत आलेली कथा साइटवर, असा माझा साधारण हिशोब.

आमच्या ग्रुपात सध्या जागा नाही, त्यामुळे विचारू नका. चार जणं मिळाली की तुमचा तुम्हालाच काढता येतो, आणि पहिली कथा ग्रुप काढणाऱ्यानेच ठेवायची असं आमच्याकडे ठरलेलं आहे.