शूटची तारीख दाखवून बुलेटच्या मालकाला घातलेली टोपी

कस्टम गाडीच्या कामात फसवाफसवी नवी नाही. पण गाडी मासिकाच्या फोटोशूटसाठी तयार करायची असली की फसवणाऱ्याला आयते हत्यार मिळते, ते म्हणजे तारीख. "शूट तोंडावर आलंय, आता बारीकसारीक बघत बसू नका" एवढे एकदा मालकाच्या गळी उतरले की चुंबक लावायला, बोल्ट उलटा करून बघायला, पक्के बिल मागायला कुणाला सवड उरत नाही. कोल्हापुरात नुकतेच असे एक प्रकरण घडले. गाडी जुन्या कास्ट आयर्न इंजिनची ३५० बुलेट, मालक जिल्ह्यातलाच, आणि गॅरेजवाला व 'मासिकाचा माणूस' एकमेकांच्या ओळखीचे. नावे घेत नाही. गाडी नंतर आमच्या गॅरेजमध्ये पूर्ण खोलली तेव्हा जे निघाले ते मात्र तपशिलात लिहितो.

बिल म्हणजे वहीचे फाडलेले पान. त्यावर चासी पावडर कोटिंग (भट्टीत पक्का होणारा पावडरचा रंग), मागचा लूप (सीटखालचा वाकवलेला पाइप) नवीन सीमलेस म्हणजे बिनशिवणीचा पाइप, टाकी पत्राकाम व पीयू (पॉलियुरेथेन) पेंट, सगळे निकल-क्रोम, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट सेट, दोन टायर नवे. खाली गोल करून रक्कम. जीएसटी नंबर नाही, सही नाही, तारीखसुद्धा नाही.

टाकीपासून सुरू करतो, कारण फोटोत नजर आधी तिथे जाते आणि लबाडीही तिथेच सगळ्यात जास्त होते. गाडी घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत टाकीच्या डाव्या बाजूला, गुडघा टेकतो तिथे, रुपयाएवढा फुगा आला. तो खरवडला तर वर क्लिअर (चमकीचा पारदर्शक थर), खाली लाल रंग, त्याखाली पाच-सहा मिलिमीटर जाडीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, लांबीखाली एम-सीलचा गोळा आणि अगदी तळाशी गंजून पडलेले सुईएवढे भोक. भोक झाळून बंद करायला टाकी रिकामी करावी लागते, पाण्याने धुऊन पेट्रोलची वाफ घालवावी लागते, मगच आग जवळ न्यायची. ते कष्ट वाचवायला बाहेरून गोळा चिकटवला. पेट्रोल त्याच्या कडेने झिरपले, लांबी मऊ पडली, रंग उचलला. फोटोच्या दिवशी हे कुणालाच दिसले नसते, आणि सगळा हिशोब त्याच भरवशावर होता.

लांबी दोन, फार तर तीन मिलिमीटर चालते. पोचा आधी पत्रा ओढून किंवा ठोकून वर आणायचा आणि उरलेला खडबडीतपणा लांबीने भरायचा. जाड थर घाईत भरला की तो नंतर आकसतो आणि चमकत्या रंगाखाली कडा उमटते. तपासायला दोन साध्या युक्त्या पुरतात. पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून टाकीभर फिरवा. जिथे ओढ एकदम ढिली पडते तिथे लांबी जाड आहे. (टाकी फायबर किंवा ॲल्युमिनियमची असेल तर अर्थातच चुंबकाचा उपयोग नाही.) दुसरी युक्ती ट्यूबलाइटची. अंधाऱ्या खोलीत टाकीला समांतर ट्यूब धरा आणि रंगात पडलेली तिची रेघ बघा. पत्रा नीट असेल तर रेघ वळणाबरोबर सलग वळते, लांबीच्या कडेवर ती लाटेसारखी मोडते. फोटोग्राफरचा मोठा सॉफ्टबॉक्स दिवा हेच करतो, म्हणून जे डोळ्याला दिसत नाही ते छापलेल्या पानावर दिसते. गळतीसाठी मात्र रंगाआधीच टाकीचे कॉक आणि तोंड बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा आणि साबणाचे पाणी लावा. हवा हलकीच हवी, जोराने भरली तर टाकी फुगते.

रंग पीयूचा होता का? टाकीच्या खालच्या बोगद्यात, जिथे क्लिअर पोचत नाही, तिथे थिनरचे फडके घासले तर फडके लाल झाले. म्हणजे साधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग. हार्डनर घातलेला टू-के (दोन भाग मिसळायचा) पीयू पूर्ण वाळल्यावर थिनरने असा सुटून येत नाही. रंगारी प्रामाणिक असेल तर तो हार्डनरचा डबा दाखवेल आणि प्रमाण सांगेल, ते डब्यावर छापलेलेच असते. चांगल्या रंगालाही बसायला वेळ लागतो, लवकर घासला तर सँडपेपरच्या रेघा काही दिवसांनी वर येतात. रंगकाम आणि शूट यांत किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे असे आमचे मत आहे. त्याहून कमी दिवसांत "करून देतो" म्हणणाऱ्याला आम्ही तरी गाडी देणार नाही.

आता चासी. पावडर कोटिंगचा भाग भट्टीत जातो, धातू साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापतो आणि दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा लागतो. त्या उष्णतेत साधी लांबी टिकत नाही, फुगते आणि तडकते. म्हणजे चासी 'पावडर कोटेड' आहे आणि वेल्डिंगचे सांधे मात्र लोण्यासारखे गुळगुळीत आहेत, तर दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी. इथे मागच्या लूपच्या सांध्यावर वेल्डिंगच्या टाक्याचा मागमूस नव्हता. स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावले तर लांबीची खपली निघाली आणि खाली पाइपच्या अर्ध्या घेरालाच टाका, उरलेल्या अर्ध्यात फट. या लूपवर मागची सीट आणि तिच्यावरचा माणूस बसतो.

पाइपही सीमलेस नव्हता. कापल्यावर आत शिवण स्पष्ट दिसली आणि जाडी १८ गेज भरली, म्हणजे १.२ मिलिमीटर. हा खुर्च्या-टेबलांचा पाइप. अशा लूपला १४ गेज, म्हणजे दोन मिलिमीटरचा पाइप घ्यावा. गाडीवर बसवल्यावर जाडी कळत नाही, म्हणून वजनावर पकडा: एक इंची १४ गेज पाइप मीटरला साधारण १,१५० ग्रॅम भरतो, १८ गेज ७२० ग्रॅमच्या आसपास. वाकवण्याआधी तुकडा काट्यावर ठेवायला दोन मिनिटे लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, हाकेच्या अंतरावर काटा मिळतो, त्यामुळे सबब चालणार नाही.

खऱ्या पावडर कोटिंगची आणखी एक खूण म्हणजे झाकलेल्या जागा. भट्टीत पाठवण्याआधी सगळे आटे, स्टिअरिंगच्या वाट्या, चिमट्याच्या (मागचे चाक धरणाऱ्या भागाच्या) बुशाची जागा, इंजिन माउंटिंगचे तोंड आणि अर्थिंगचा पॉइंट झाकावे लागतात, नाहीतर साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर बसून बोल्ट आत जात नाही. चासी नंबरवर थर जाड बसला तर आरटीओत नंबर वाचता येत नाही, तो भागही सांभाळावा लागतो. या गाडीत काहीच झाकलेले नव्हते, तरीही बोल्ट सुखाने बसले होते, कारण आत नुसता स्प्रेचा काळा रंग होता.

क्रोमची गोष्ट सगळ्यात चलाख. गॅरेजवाल्याने मालकाला बजावले होते, "शूट होईपर्यंत गाडी चालू करू नका, बेंड पाइप निळा पडेल." हे खरेच आहे. क्रोमचा बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) पहिल्या तापातच सोनेरी-निळा होतो आणि कोरा पाइप फोटोत हवा असेल तर शूटआधी त्याला आच लागू देत नाहीत. पण इथे खरी गोष्ट खोटी झाकायला वापरली. बेंड पाइप, सायलेन्सर, हेडलाइटची रिंग, सगळे क्रोम म्हणजे डब्यातला चंदेरी स्प्रे होता. इंजिन चालू केल्यावर बेंड पाइप निळा पडला नाही, त्याची साल निघाली. यावर तोडगा सोपा आहे. गॅरेजमध्ये जुना बेंड पाइप लावून इंजिन तापवून घ्या, ट्रायल मारा, ऑइल गळते का बघा, आणि मग नवा पाइप चढवा. जुना पाइप लावायलाच नकार मिळाला तर ओळखा.

खऱ्या कामात आधी जुना थर उतरवतात, मग बफिंग, मग तांबे, मग निकल आणि शेवटी क्रोम. चमक आणि गंजापासूनचा बचाव हे मुख्यतः निकलचे काम. वरचा क्रोम मायक्रॉनच्या अंशाएवढा असतो. म्हणून "क्रोम केलंय" म्हणणाऱ्याला निकल किती मायक्रॉनचे दिले ते विचारा. पंधराच्या खाली असेल तर कोल्हापूरचा एक पावसाळा काढणार नाही. पारख करायला वर्तमानपत्र फूटभर अंतरावर धरा. खऱ्या क्रोममध्ये उलटी अक्षरे वाचता येतात, स्प्रेमध्ये नुसता करडा डाग दिसतो. शंका आली तर आतल्या बाजूला थिनरचा बोळा फिरवा. प्लेटिंगवर काही होत नाही. आणि एक धोका लक्षात ठेवा: ब्रेकचे आणि ॲक्सलचे १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट शोभेसाठी प्लेटिंगला देऊ नका. हायड्रोजन आत शिरून असा बोल्ट ठिसूळ होतो आणि कधीतरी अचानक तुटतो.

बोल्टांवरून आठवले. ३०४ म्हणून लावलेले बोल्ट २०० सिरीजच्या हलक्या स्टेनलेसचे होते. चुंबकाने हा फरक नीट कळत नाही. स्टील तपासायचे जे थेंब मिळतात ते बॅटरी लावून टाकले तर २०० सिरीजवर लाल होतात. चांगल्या ३०४ बोल्टच्या डोक्यावर बहुधा 'ए२-७०' कोरलेले असते. टायरचे तर हसूच आले. बाजूला तारखेचे चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. 'नव्या' टायरवर २३१९ होते, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला, वरून काळी पॉलिश मारलेला. ती पॉलिश शूटच्या जागेवर दोन पावले ढकलण्यापुरती ठीक, तिच्यावर गाडी चालवली तर वळणावर घसरायची. मूळ कार्बही (कार्बोरेटर) बदललेला निघाला. गाडी देताना कार्ब, मॅग्नेटो, मीटर, बॅज यांचे नंबरासकट फोटो काढा आणि न दिसणाऱ्या जागी नेलपॉलिशचा ठिपका द्या. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा, अगदी भंगार असला तरी.

आता 'मासिकाचा माणूस'. त्याने शूटच्या स्लॉटची फी घेतली, पन्हाळ्यावरच्या परवानगीचे वेगळे पैसे घेतले आणि गाडी ट्रान्सपोर्टने न्यायची म्हणून आरसी बुकासोबत फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या मागितल्या. सुदैवाने मालकाच्या मेव्हण्याने सह्या करू दिल्या नाहीत. २९ आणि ३० हे मालकी बदलण्याचे फॉर्म आहेत. गाडी फोटोला नेण्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मासिकाला तुमच्या गाडीवर लेख छापायचा असेल तर ते तुमच्याकडून पैसे घेत नाही. जाहिरातवजा लेख असेल तर घेते, पण मग कंपनीच्या नावाने बिल येते आणि पैसे कंपनीच्या खात्यात जातात, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. बिलावरचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर फुकटात तपासता येतो. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. मासिकाचा ताजा अंक विकत घ्या, त्यातल्या संपादकीय पत्त्यावर मेल टाका आणि त्या माणसाचे नाव विचारा. पन्हाळा पुरातत्त्व खात्याचे संरक्षित ठिकाण आहे, तिथली परवानगी लेखी असते आणि पावती अर्जदाराच्या नावाने निघते. पावती नाही म्हणजे परवानगी नाही. "डिपॉझिट परत पाठवतोय, पिन टाका" असा निरोप आला तर फोन खाली ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पैसे देताना टप्पे बांधा. पत्रा आणि वेल्डिंग उघडे असताना, प्रायमर मारण्याआधी, स्वतः बघून पहिला हप्ता. प्लेटिंग आणि कोटिंग होऊन आलेले भाग हातात धरून दुसरा. गाडी जोडून, चालवून शेवटचा. डिलिव्हरी दिवसा उजेडातच घ्या. ही गाडी रात्री नऊला, प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून, "फिल्म शूटच्या जागेवरच काढा" असे सांगून दिली होती. दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या पायथ्याशी कुणीच आले नाही आणि फोन बंद.

मालक तक्रारीला निघाला तेव्हा गॅरेजवाल्याने शेवटचा डाव टाकला: "भावा, गाडी मॉडिफाय केलीस तू, आरटीओ तुलाच आत घालंल." ही धमकी हमखास चालते, म्हणून अशी प्रकरणे दबून राहतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही हे खरे. कलम १८२ अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जुने भाग परत घ्या म्हणतो ते यासाठीही, गाडी मूळ रूपात आणता आली पाहिजे. पण पावडर कोटिंगचे पैसे घेऊन स्प्रे मारणे ही त्या गॅरेजवाल्याची फसवणूक आहे आणि ती तुमच्या लूपमुळे माफ होत नाही. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. गॅरेजविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही.

आयोगात जायच्या आधी गाडी पुन्हा रंगवायला देऊ नका. लांबीची खपली, पाइपचा कापलेला तुकडा आणि टायरवरचे चार अंक यांचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा, वहीचे पान जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरचे बोलणे पुसू नका, आणि दुसऱ्या गॅरेजकडून कोणत्या भागात काय सापडले ते लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. या मालकाला तसे पत्र आम्ही दिले आहे.